खोऱ्यातल्या शेताला सौर झटका मशीन: डबा चांगला, सोबतचं सामान अपुरं

साताऱ्यात, कराडला किंवा पाटणला शेतीसामानाच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्टचा सौर झटका संच कोयना, सोळशी आणि कांदाटीच्या खोऱ्यात रानडुक्कर आणि गवा अडवतो का? अडवतो. पण खोक्यातून काढून जसाच्या तसा लावला तर पहिल्या मोठ्या पावसापर्यंतच. जुलैत ढग खाली उतरतात, बघता बघता गवत गुडघ्याला लागतं, तारेतला दम निघून जातो आणि नाचणी निसवायच्या सुमारास कुठून आत शिरायचं ते डुकरांना पाठ झालेलं असतं. मग लोक मशीनला नावं ठेवून ते माळ्यावर टाकतात. खरा दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा, प्लेट-बॅटरीचा किंवा तळाच्या तारेचा असतो. शिराळ्याकडच्या वारणा खोऱ्यातही उतार, पाऊस आणि जनावरं बरीचशी अशीच, त्यामुळे तिकडच्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

संचात साधारणपणे झटका देणारा डबा, २० वॅटची सोलर प्लेट, १२ अँपिअर-तासाची बॅटरी, तार तुटली की वाजणारा हूटर, तीन फुटांची एक अर्थिंगची सळई, पिशवीभर इन्सुलेटर आणि धोक्याची पाटी एवढं येतं. तार आणि खांब वेगळे घ्यायचे.

यातला डबा खरंच चांगला असतो. बॅटरीचे १२ व्होल्ट आत आधी काहीशे व्होल्टपर्यंत चढवले जातात, ती ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठते आणि सेकंद-सव्वा सेकंदाला एकदा ट्रान्सफॉर्मरमधून आठ-दहा हजारांपर्यंत चढवून तारेत सोडली जाते. झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. म्हणून तो जोराचा लागतो पण धरून ठेवत नाही, आणि जनावर मागे हटू शकतं. डबा घेताना व्होल्टपेक्षा ज्यूल, म्हणजे एका झटक्यातली ऊर्जा, विचारा. तेही 'साठवलेले' की 'बाहेर पडणारे' ते विचारा, कारण बाहेर पडणारी ऊर्जा नेहमी कमी असते आणि खोक्यावर बहुधा मोठा आकडा छापलेला असतो. डुक्कर आणि गवा दोन्ही असतील तर बाहेर पडणारे दोन-तीन ज्यूल तरी हवेत. आयएस ३०२ भाग २ विभाग ७६ हे झटका यंत्राचं भारतीय मानक आहे. ते डब्यावर किंवा कागदावर नसेल तर दुसरा डबा बघा.

खोक्यावर 'दहा एकर' असंही लिहिलेलं असतं. खोऱ्यात त्या आकड्याला अर्थ नाही, कारण कुंपणाला क्षेत्र नाही, घेर लागतो. चौरस एक एकराचा घेर सुमारे २५४ मीटर. तोच एकर डोंगरउतारावर २० मीटर रुंद आणि २०२ मीटर लांब ताली पाडून पसरलेला असेल तर घेर सुमारे ४४५ मीटर होतो. पाच पदरी कुंपणाला पहिल्या शेतात १,२७० मीटर तार लागते, दुसऱ्यात २,२२५ मीटर. अडीच मि.मी. जाडीची तार किलोला साधारण २६ मीटर भरते, म्हणजे ४९ किलो आणि ८६ किलो. दोन मि.मी.ची तार किलोला ४० मीटर, म्हणून ३२ आणि ५६ किलो. पाच-पाच मीटरवर खांब धरले तर ५१ आणि ८९, इन्सुलेटर २५५ आणि ४४५. हे सगळं लाँचने पलीकडे न्यायचं असेल तर निघण्याआधी वहीवर मांडलेलं बरं. बामणोली किंवा तापोळ्याहून चार खांबांसाठी दुसरी फेरी मारणं परवडत नाही.

तार मोजण्याआधी मात्र शेताच्या कुठल्या बाजूला कुंपणाची गरजच नाही ते बघायला हवं. या खोऱ्यांत ज्यांनी पहिल्यांदा वस्ती केली त्यांच्याकडे तार नव्हती. रान भाजून नाचणी-वरी करायची, पिकाला दगडी ताल घालायची, ताल नसेल तिथे करवंदी आणि शिकेकाईची कुपाटी लावायची, आणि पीक तयार व्हायला लागलं की माळ्यावर बसून गोफण आणि पत्र्याच्या डब्यावर रात्र काढायची. गवळी धनगरांनी म्हशी वर सड्यावर ठेवल्या आणि कड्याचाच आडोसा केला. कडा आहे तिथे कशाला काटी लावायची? खिंडीतून उतरणारी वाट बंद केली की झालं. अमेरिकेच्या पश्चिमेकडे नद्यांच्या घळ्यांत गुरं घेऊन राहिलेल्यांनीही हेच केलं. १८६२ च्या वसाहत कायद्याने कुटुंबाला १६० एकर जमीन मिळायची, काटेरी तार १८७४ च्या पेटंटनंतर पसरली, पण सगळ्या घेराला तार घालायची ऐपत बहुतेकांची नव्हती. घळीच्या भिंती सरळ उभ्या, म्हणून तोंडाशी एक आडवं कुंपण घालून आतलं सगळं रान त्यांनी कुरण म्हणून वापरलं. आपल्याकडे एखाद्या वाडीची सहा-सात शेतं एका ओहोळाच्या दोन्ही अंगांना असतात, मागे कडा असतो. तिथे प्रत्येकाने आपापला एकर वेढण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून तोंड आणि दोन्ही कडांच्या उतरणी बंद केल्या तर तार निम्म्याहून कमी लागते आणि डबा एकच पुरतो. यात अडचण तांत्रिक नाही, एकमेकांशी बोलण्याची आहे. आधी माणसं बसवा, मग खांब.

कडा बघताना फसगत होते ती वाटांची. माणसाला जो कडा वाटतो तो गव्याला आणि भेकराला वाट असतो. मातीत खूर, झाडाच्या बुंध्यावर घासलेला चिखल किंवा कारवीतून पडलेली पोकळी दिसली की तो कडा बंद धरू नका. घसाऱ्याचा, पण पाय टिकणारा उतार डुक्कर सहज चढतं.

पाण्याच्या कडेचंही तसंच. शिवसागराला, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाला, लागून असलेल्या शेतांना लोक तीन बाजूंनी तार घालतात आणि चौथी बाजू जलाशयावर सोडतात. ऑक्टोबरात ते बरोबर असतं. पण कोयनेचं पाणी पोफळीकडे वीजनिर्मितीला जात राहतं, पातळी उन्हाळाभर उतरते आणि एप्रिल-मेमध्ये जिथे तार संपते तिथून पाणी लांब गेलेलं असतं. मधला गाळ मोकळा. डुक्कर कुंपणाच्या टोकाला वळसा घालून गाळातून येतं, आणि त्याच गाळपेरीवर कुणी भाजीपाला केलेला असतो. अशा शेताला दोन्ही टोकांना ५०-६० मीटर सुटी तार आणि रोवता-उपटता येणारे फायबरचे खांब ठेवावेत. पाणी जसं उतरेल तसं कुंपण खाली न्यायचं आणि जूनमध्ये पाणी चढण्याआधी वर घ्यायचं. हे कुणी करत नाही आणि मग उन्हाळी पीक जातं.

आता अर्थिंग. संचातली सगळ्यात निरुपयोगी वस्तू म्हणजे ती तीन फुटांची सळई. झटका लागायचा तर वीज तारेतून जनावरात, जनावराच्या पायातून जमिनीत, आणि जमिनीतून परत डब्याच्या अर्थिंगपर्यंत आली पाहिजे. हा फेरा पूर्ण झाला नाही तर आठ हजार व्होल्ट असूनही डुकराच्या नाकाला गुदगुल्याच होतात. खोऱ्यात जमीन दोन प्रकारे आडवी येते. वरच्या अंगाला जांभा आणि कातळ, माती वीतभर. खाली माती बरी, पण मार्चनंतर ती पार कोरडी. कोरडी माती वीज नेत नाही.

किमान तीन सळ्या, प्रत्येकी सहा फुटांची, गॅल्व्हनाइज्ड, एकमेकींपासून दहा फुटांवर ठोका, आणि तिन्ही एकाच अखंड तारेने क्लॅम्प लावून जोडा. तार सळईला नुसती गुंडाळली की वर्षभरात गंजतो तो सांधा. तांब्याची तार आणि जस्ताची सळई अशी जोडी नको, दोन धातूंत पावसाचं पाणी शिरलं की जस्त खाल्लं जातं. डबा शेतातच ठेवायचा हा हट्टही नको. ओहोळाकाठी, विहिरीजवळ किंवा सांडपाणी मुरतं तिथे ओल वर्षभर राहते, अर्थिंग तिथे करा आणि डबाही तिथेच बसवा. महावितरणच्या डीपीच्या किंवा घराच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर लांब राहा.

अर्थिंग पुरेसं झालं का हे अंदाजाने सांगता येत नाही, मोजावं लागतं, आणि मोजणं अवघड नाही. डबा बंद करा. डब्यापासून १०० मीटर तरी लांब जाऊन लोखंडी पहार किंवा दोन-तीन सळ्या तारेला टेकवून जमिनीत रोवा, म्हणजे मुद्दाम मोठी गळती तयार होते. डबा चालू करा. तारेवरचा व्होल्टेज दोन हजारांच्या खाली आला पाहिजे, येत नसेल तर आणखी सळ्या टेकवा. आता डब्याजवळ या. शेवटच्या अर्थिंग सळईपासून एक मीटरवर छोटी खुंटी ठोका आणि कुंपणाच्या व्होल्टमीटरची एक टोकणी खुंटीला, दुसरी अर्थिंगला लावा. ३०० व्होल्टच्या आत आकडा असेल तर ठीक. पाचशे-आठशे दाखवत असेल तर अजून एक सळई, पुन्हा मोजणी. हे मोजमाप एप्रिलमध्ये करा, ऑगस्टमध्ये सगळंच चांगलं दिसतं. आणि मीटर कुंपणाचाच हवा. घरातला मल्टिमीटर लावला तर तो जळतो.

कातळावर सळई जातच नसेल तर एकाआड एक पद्धत: पाच तारांपैकी पहिली, तिसरी, पाचवी जिवंत आणि दुसरी, चौथी अर्थिंगला. जनावर दोन तारांना एकदम टेकलं की जमीन कशीही असो, फेरा पूर्ण होतो. यात एक धोका आहे. तार सैल पडून शेजारच्या तारेला टेकली तर सगळं कुंपण मेलं, म्हणून ताण नीट हवा आणि खांब जवळ हवेत, तीन-साडेतीन मीटरवर.

तारांची उंची या खोऱ्यासाठी अशी ठेवावी: जमिनीपासून २०, ४०, ७०, १०५ आणि १५० से.मी. तळाच्या दोन डुकरासाठी. ते नाकाने चाचपत येतं आणि नाकालाच झटका बसायला हवा, अंगावरच्या राठ केसांतून कमी लागतो. वरच्या दोन गव्यासाठी. तळाची तार २० से.मी.पेक्षा खाली आणू नका. घोरपड, कासव, खवल्या मांजर यांना एका झटक्यात मागे सरकता येत नाही. खवल्या मांजर तर घाबरून तारेभोवतीच गोळा होतं आणि झटके खात मरतं. इतक्या दुर्मीळ प्राण्याचा जीव पाच से.मी.च्या फरकाने वाचतो.

उतारावर कुंपण तालीच्या अगदी काठावर घेतलं तर वरच्या अंगाने येणाऱ्या जनावराला ते कमरेएवढंच दिसतं आणि ते उडी मारतं. काठापासून एक-दीड मीटर आत घ्या. जमीन जिथे खळगा घेते तिथे मधे एक जादा खांब द्या, ३० से.मी.ची फट डुकराला पुरते. ओहोळ ओलांडताना तळाच्या दोन तारा वेगळ्या तुकड्याच्या ठेवा, कटआऊट (तेवढाच भाग बंद करायचा स्विच) देऊन. पुरात ओंडका आला तर तो तुकडाच जातो, सगळी रांग ओढली जात नाही.

तारेत आमची पसंती अडीच मि.मी.च्या जस्त चढवलेल्या हाय टेन्साइल तारेला आहे. क्लच वायर, म्हणजे बारीक पदर पिळून केलेली तार, हाताळायला सोपी, दुकानदार तीच पुढे करतात. सपाट माळावर ती चालेलही, पण ज्या पट्ट्यात महाबळेश्वर आणि नवजाला वर्षाला पाच हजार मि.मी.हून जास्त पाऊस पडतो तिथे तिच्या बारीक पदरांत पाणी साचून ती आतून गंजते आणि तुटलेले पदर बाहेर येऊन खांबाला टेकतात. हाय टेन्साइल तार कापताना स्प्रिंगसारखी उसळते. डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड मोजे असल्याशिवाय वेटोळं सोडू नका. काटेरी तारेत झटका कधीही सोडू नका. माणूस असो की जनावर, काट्यात अडकला की सुटत नाही आणि झटके बसत राहतात.

संचातले इन्सुलेटर हलके असतात. भंगार प्लॅस्टिकचे दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि तडकलेल्या भेगेत पावसाचं पाणी शिरतं. असा इन्सुलेटर शोधायचा तर रात्री, टॉर्च विझवून, कुंपणाच्या कडेने चालत जा. जिथे मशीनच्या तालात टक्, टक् असा बारीक आवाज येतो तिथे थांबा. नीट बघितलं तर तारेतून अँगलवर निळसर ठिणगी उडताना दिसते. तो इन्सुलेटर बदला, पाचशे-हजार व्होल्ट परत मिळतात. खांबाला लोखंडी अँगल किंवा सिमेंटचा खांब चालतो. बांबू नको. ओला बांबू थोडी वीज जमिनीत नेतो आणि जमिनीलगत एका पावसाळ्यात कुजतो. जंगलातून खांब तोडून आणणं तर करूच नका. कोयना अभयारण्य १९८५ पासूनचं आहे आणि चांदोलीसह हा भाग २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बांधावर पांगारा किंवा गिरीपुष्पाच्या फांद्या रोवून जिवंत खांब करता येतात, फक्त फुटवे सतत छाटावे लागतात.

प्लेट आणि बॅटरी हा दुकानातल्या माणसाशी वाद घालायचा विषय आहे. त्याचा हिशोब फलटण-माणच्या उन्हाचा असतो. डबा सरासरी २०० मिलिअँपिअर खातो असं धरू. रात्रीच्या बारा तासांना २.४ अँपिअर-तास लागतात. स्वच्छ उन्हात २० वॅटची प्लेट दिवसाला सहाच्या आसपास देते, म्हणजे भरपूर. पण खोऱ्यात जुलैच्या संततधारेत दिवसभराचा उजेड मिळून पाऊण तासाच्या पूर्ण उन्हाएवढा भरला तर प्लेट जेमतेम एक अँपिअर-तास देते. रोज दीडची तूट. १२ अँपिअर-तासाच्या लेड बॅटरीतून निम्मं म्हणजे सहा वापरता येतात, त्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. चार दिवसांत खेळ संपतो. ७५ वॅटची प्लेट त्याच उजेडात साडेतीनच्या आसपास देते आणि ४० अँपिअर-तासाची बॅटरी प्लेटने काहीच दिलं नाही तरी आठ रात्री काढते. डबा लहान घेतला तरी चालेल, पण हे दोन मोठेच घ्या. चार्ज कंट्रोलर त्या प्लेटला पेलणारा आहे का तेही बघा, संचातला बऱ्याचदा नसतो. बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली दिसली की ती निम्मी रिकामी आहे असं समजून घरी आणून चार्जरवर लावा. वाडीत वीज असेल तर १२ व्होल्टचा चार्जर कायम जोडून ठेवणं सगळ्यात सोपं.

प्लेटचं तोंड दक्षिणेला आणि तिरपेपण १८ ते २० अंश. खोऱ्यात पश्चिमेची धार दुपारीच ऊन कापते, म्हणून सकाळी नऊ ते तीन सावली येणार नाही अशी जागा पावसाळ्याआधी बघून ठेवा. झाडाची एक फांदी प्लेटच्या कोपऱ्यावर आली तरी उत्पादन बरंच पडतं. पावसाळ्यात काचेवर शेवाळ धरतं, ते पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावं. डब्यात पाली आणि मुंग्या शिरतात. वायर आत जाते ती भोकं सिलिकॉनने बंद करा आणि डबा पत्र्याच्या आडोशाला ठेवा.

गवत हा रोजचा शत्रू. एक ओलं पातं तारेला टेकलं तर काही होत नाही, पण ४४५ मीटरच्या रांगेत हजारो पाती टेकतात आणि सात हजारांचे दोन हजार होतात. जून ते सप्टेंबर दर दहा दिवसांनी कुंपणाखालचा मीटरभर पट्टा कापावा लागतो. ज्याला हे जमणार नाही त्याने संच घेऊ नये, स्पष्ट सांगायचं तर. तणनाशक मारून पट्टा उघडा केला तर पहिल्याच जोराच्या पावसात माती वाहते, खांब सैल होतात, आणि ते पाणी खालच्या झऱ्यात जातं. त्यापेक्षा तळाच्या तारेला वेगळं कटआऊट द्या. एखाद्या आठवड्यात कापणी झाली नाही तर फक्त तळाची तार बंद करायची, म्हणजे वरच्या चार तारांचा जोर टिकतो.

डब्यापासून कुंपणापर्यंत आणि फाटकाखालून नेण्यासाठी संचात किंवा दुकानात घरगुती वायर देतात. तिचं आवरण हजार-अकराशे व्होल्टसाठी असतं. आठ हजार व्होल्ट ती जमिनीतच पाझरवते, आणि खड्ड्यात पुरलेली असल्याने गळती सापडत नाही. लोक सगळं कुंपण तपासतात, फाटक सोडून. झटका कुंपणासाठीची दुहेरी आवरणाची केबल मागा, ती नळीतून घाला, आणि नळीची दोन्ही तोंडं खाली वळवा म्हणजे पाणी भरणार नाही.

वीज पडून डबे जळतात ते जुलैत नव्हे, वळवाच्या आणि परतीच्या पावसात. लाइटनिंग अरेस्टर लावा, त्याचं अर्थिंग डब्याच्या अर्थिंगपासून वेगळं आणि लांब ठेवा. गडगडाट सुरू झाला आणि तुम्ही जवळ असाल तर डबा कुंपणापासून सोडवा. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही, तार जोडलेली असेल तर वीज आत येतेच.

कुठल्या जनावराला किती चालतं ते थोडक्यात. डुकराला आणि गव्याला पाच हजार व्होल्ट टिकले तर उत्तम. पण कुंपण पीक तयार व्हायच्या महिना-दीड महिना आधी सुरू करा, त्यांना चाचपून शिकू द्या. भरल्या शेतावर सवय लागलेलं डुक्कर धावत येऊन तार तोडून जातं, झटका त्याला नंतर कळतो. पांढऱ्या पट्ट्या बांधल्या तर गव्याला तार दिसते आणि तो तोडत नाही. सांबर, भेकर बरेचसे थांबतात. साळिंदराचे काटे वीज नेत नाहीत, ते थांबत नाही. वानरांचा बंदोबस्त या संचाने होत नाही. वरून फांदी आली की ती आत. मोराचं तर विचारूच नका. स्वतःच्या म्हशी आणि गाई मात्र या तारेला फार लवकर शिकतात. ८० से.मी.वर एकच सुटी तार, दोन-तीन हजार व्होल्ट, आणि कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चारता येतं. गवताचा सडा एकदम तुडवला जात नाही, राखण्याला माणूस कमी लागतो. शेळ्यांसाठी हे नको, त्या फटीतून जातात. बिबट्यापासून शेळ्या वाचवायला छपरासकट जाळीचा बंद वाडाच लागतो, झटका तार तिथे भरवशाची नाही.

एक गोष्ट ठासून. महावितरणच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात २३० व्होल्ट सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसं मरतात: शेजारी, गुराखी, रात्री पाणी धरायला गेलेला घरचाच पोरगा. तो प्रवाह अखंड असतो, स्नायू आखडतात, हात सुटत नाही. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे हे वेगळंच. बॅटरीवरचा प्रमाणित डबा आणि थेट लाइन यांत जीव वाचण्याइतका फरक आहे. पाटी वाटेच्या प्रत्येक बाजूला लावा, पाणंद आणि पाणवठ्याची वाट बंद करू नका, आणि शेजाऱ्याचाही झटका संच असेल तर दोन कुंपणांत अडीच मीटर अंतर ठेवा, म्हणजे कुणाला एकाच वेळी दोन्ही तारा लागणार नाहीत.

खरेदीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. गाव यादीत आहे का आणि मंजुरीआधी घेतलेली पावती चालते का, हे आधी विचारा. शेत व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये असेल तर कुंपणाची आखणीही त्यांना दाखवून घ्या.

दुकानदाराशी बोलताना संचाऐवजी डबा सुटा मागा. प्लेट, बॅटरी, सळ्या, इन्सुलेटर आणि केबल वर लिहिल्याप्रमाणे वेगळं घ्या. डबा दुरुस्तीला गेला तर बदली डबा देणार का, तेही किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या. सप्टेंबरमध्ये डबा आठवडाभर दुकानात पडून राहिला तर पीक राहत नाही. डब्याचा सिरीयल नंबर बिलावर हवा, गॅरंटी डब्याची किती आणि बॅटरीची किती हे वेगवेगळं हवं, आणि डबा पैसे देण्याआधी दुकानातच १२ व्होल्टवर लावून, कुंपणाच्या मीटरवर आकडा बघूनच पिशवीत घाला.